केबिनमध्ये डोडा सापडला: चालकांची नशेची तपासणी करावी का, आणि दोष आढळल्यास पुढे काय करावे?

प्रश्न: गाडीमालक, सांगली

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळद आणि तासगावचा बेदाणा दिल्लीपर्यंत पोहोचवण्याचा आमचा व्यवसाय आहे. वडिलांनी तो एका गाडीवर सुरू केला. आज आमच्याकडे पाच बाराचाकी गाड्या आणि सात चालक आहेत. गेल्या महिन्यात पहाटे आमची एक भरलेली गाडी खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडून पुण्याच्या दिशेने उतरत असताना तेथील एस आकाराच्या वळणावर कठड्याला घासली. कोणाला इजा झाली नाही आणि मालही सुरक्षित राहिला. परंतु ते वळण किती जणांना भोवले आहे हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्या पहाटेचा फोन आठवला की आजही माझे हात थरथरतात.

गाडी परत आल्यावर केबिन साफ करताना झोपण्याच्या गादीखाली डोड्याच्या, म्हणजे अफूच्या सुक्या बोंडांच्या, भुकटीची एक पुडी आणि ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी मिळाली. हे चालक वयाने माझ्यापेक्षा मोठे आहेत, नऊ वर्षांपासून आमच्याकडे आहेत आणि मी त्यांना दादा म्हणतो. मी विचारल्यावर त्यांनी काहीही नाकारले नाही. दोन वर्षांपूर्वी मंदसौरच्या बाजूला एका ढाब्यावर दुसऱ्या चालकाने चहात उकळून दिलेला डोडा त्यांनी पहिल्यांदा घेतला, पुढे परतीच्या प्रत्येक खेपेला तो बरोबर येऊ लागला, आणि डोडा नसेल त्या दिवशी गोळ्या घ्याव्या लागू लागल्या, असे त्यांनी मान खाली घालून सांगितले. अपघाताच्या दोन दिवस आधी सायंकाळी ते दिल्लीहून परतले होते, दुसरा पूर्ण दिवस गाडी भरण्यात गेला आणि रात्री एकच्या सुमारास ते पुन्हा निघाले, हेही सांगून ठेवतो.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सातही चालकांची मूत्रतपासणी करून घ्यावी असे माझ्या मनात आहे. बाजारात पट्टीवर निकाल देणारे संच मिळतात, त्यांवर किती विश्वास ठेवावा आणि अशी तपासणी करण्याचा मला अधिकार आहे का? आणि ज्यांच्यात दोष आढळेल त्यांना कामावरून काढावे, तर ते त्याच आठवड्यात याच यार्डातील दुसऱ्या मालकाच्या गाडीवर बसतील हे मला दिसते आहे. न काढावे, तर उद्या रस्त्यावर कोणाचा जीव गेल्यास मी स्वतःला काय उत्तर देऊ?

उत्तर: निवृत्त चालक, मिरज

मी एकतीस वर्षे लांब पल्ल्याची गाडी चालवली आणि चार वर्षांपूर्वी सुकाणू सोडले. आपण प्रामाणिकपणे सर्व लिहिले म्हणून मीही स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आपल्या प्रश्नात जे वाक्य आपण सहज लिहून गेलात, तेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. दिल्लीहून परतलेला माणूस दुसऱ्या दिवशी हमालांबरोबर उन्हात गाडी भरून घेत उभा राहतो, वाराईचा, म्हणजे माल चढवण्याच्या मजुरीचा, हिशेब पाहतो, ताडपत्री आवळतो आणि रात्री एक वाजता सुकाणूवर बसतो. पहाटे साडेचारला खंबाटकीच्या वळणावर त्याच्या रक्तात डोडा नसता, तरी त्याचे डोळे उघडे राहिले असते का?

थोडा हिशेब करू. सांगली ते दिल्ली सुमारे साडेसोळाशे किलोमीटर अंतर आहे. घाट, नाके, गावे आणि भरलेली गाडी धरून ताशी 40 ते 42 किलोमीटरच्या वर सरासरी पडत नाही, म्हणजे निव्वळ चाक फिरण्याचेच जवळपास 40 तास झाले. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने लांब पल्ल्याच्या चालकासाठीसुद्धा दिवसाला 10 आणि आठवड्याला 54 तासांची कमाल मर्यादा घालून दिली होती, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी असे त्यात लिहिले होते. त्या मापाने ही एकेरी खेप चार दिवसांची होते. माझ्या काळात व्यापाऱ्याला तिसऱ्या दिवशी सकाळी माल पोहोचवण्याचा शब्द दिला जात असे आणि गाडीवर चालक एकच असे. आपण किती दिवसांचा शब्द देता आणि गाडीवर दुसरा चालक असतो का, हे आपण लिहिलेले नाही.

चालक मौजेसाठी डोडा घेतात असा गैरसमज आहे. डोडा घेतला की कंबर दुखत नाही, भूक लागत नाही, आणि दोन खेपांमध्ये घरी न गेल्याचे मनाला फारसे लागत नाही. गांजा बहुतेक जण गाडी उभी केल्यावर झोप यावी म्हणून ओढतात, कारण इतका वेळ ताणून जागलेल्या शरीराला झोप मागून मिळत नाही. अलीकडची मुले जागे राहण्यासाठी एमडी या रासायनिक नशेची पूड घेतात असे ऐकतो, आणि ते मला सर्वांत भयंकर वाटते. 2024 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी गावात, एमडी तयार करण्याचा कारखाना मुंबई पोलिसांनी पकडला, तेव्हा हे विष राजस्थानातून येते असे म्हणण्याची सोय आपल्याला उरली नाही.

आणखी एक गोष्ट मालकांच्या लक्षात येत नाही. डोड्याची सवय लागलेला चालक डोडा घेऊन गाडी चालवतो तेव्हा धोका असतोच, परंतु डोडा संपल्यावर चालवतो तेव्हा तो अधिक असतो. जांभया थांबत नाहीत, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, अंग मोडून येते, पाय ब्रेकवर स्थिर राहत नाहीत. माझ्या बरोबरीचा एक चालक याच अवस्थेत धुळ्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला गाडी लावून रडत बसला होता. मी त्याची गाडी पुढच्या ढाब्यापर्यंत नेली. त्या दिवशी तपासणी झाली असती, तर त्याच्यात दोष निघाला असता आणि त्याची नोकरी गेली असती. त्याला खरी गरज होती ती आठवडाभर अंथरुणाची आणि डॉक्टरांची.

उत्तर: मानसोपचारतज्ज्ञ, सातारा

मिरजेच्या काकांनी वर्णन केलेली लक्षणे अफूजन्य पदार्थ तुटल्याची नेमकी लक्षणे आहेत. ती साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत तीव्र असतात आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरतात. ती क्वचितच जिवावर बेततात, परंतु सहन होत नाहीत, म्हणून माणूस पुन्हा पुडीकडे वळतो. दारूचे तसे नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केल्यास दोन-तीन दिवसांत झटके आणि वात होऊन जीव जाऊ शकतो, त्यामुळे आपल्या सात जणांपैकी कोणी रोज पिणारा असेल तर "उद्यापासून बंद" असा हुकूम त्याला देऊ नये.

आता तपासणीविषयी. मूत्राच्या पट्टीचा निकाल एवढेच सांगतो की गेल्या काही दिवसांत तो पदार्थ शरीरात गेला होता. या क्षणी माणूस गाडी चालवण्यास अपात्र आहे की नाही, हे ती पट्टी सांगू शकत नाही. डोड्यातील मॉर्फिन आणि कोडीन साधारण दोन-तीन दिवस सापडते. गांजा एखाद्या वेळी ओढला असेल तर तो तीनेक दिवस, परंतु रोजच्या ओढणाऱ्यात महिनाभरसुद्धा सापडू शकतो, म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी व्यसन सोडलेला माणूसही दोषी दिसेल. लाळेची तपासणी अलीकडच्या, म्हणजे साधारण एक-दोन दिवसांतल्या सेवनाविषयी सांगते आणि नमुना समोरच घेता येतो, त्यामुळे त्यात बदल करणे अवघड जाते.

आपण ज्या संचाविषयी विचारले आहे, त्यातील नेहमीच्या पाच पदार्थांच्या पट्टीची मांडणी मुळात अमेरिकेची आहे. गांजा, कोकेन, अॅम्फेटामिन, अफूजन्य पदार्थ आणि पीसीपी हे ते पाच. आपल्या रस्त्यांवर कोकेन आणि पीसीपी शोधण्यात पैसे घालवण्याचे कारण नाही. उलट ज्या दोन गोष्टींची आपल्याला काळजी आहे, त्या या पट्टीतून निसटतात. ट्रॅमाडॉल हे कृत्रिम औषध असल्यामुळे अफूच्या नेहमीच्या पट्टीवर ते दिसत नाही, आणि एमडी म्हणजे मेफेड्रोन बहुतेक वेळा अॅम्फेटामिनच्या पट्टीवर उमटत नाही. आपल्या दादांची तपासणी डोडा संपलेल्या आणि गोळ्या चालू असलेल्या आठवड्यात झाली असती, तर निकाल स्वच्छ आला असता आणि आपण निश्चिंत झाला असता.

उलट बाजूची चूकही तितकीच गंभीर आहे. खसखस आणि डोडा एकाच झाडाचे. आपल्याकडे अनारशांवर खसखस असते, मटणाच्या वाटणात असते, बाळंतिणीच्या खिरीत असते. भरपूर खसखस खाल्लेल्या निर्व्यसनी माणसाच्या मूत्रात मॉर्फिन सापडू शकते. याच कारणाने अमेरिकेने 1998 मध्ये अफूजन्य पदार्थांच्या प्राथमिक तपासणीची मर्यादा मिलिलिटरला 300 नॅनोग्रॅमवरून 2,000 नॅनोग्रॅमपर्यंत वाढवली. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि सर्दीच्या काही गोळ्यांमुळेही पट्टी दोष दाखवते. म्हणून पट्टीवर दोष दिसला तर तोच नमुना प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या पद्धतीने पुन्हा तपासावा, आणि कोणती औषधे चालू आहेत हे डॉक्टरांनी त्या माणसाला एकांतात विचारावे. या दोन पायऱ्या पार पडेपर्यंत कोणालाही नशेबाज म्हणू नये.

ज्या देशातून ही पद्धत आली, तेथे 1991 च्या कायद्यानुसार व्यावसायिक चालकांची तपासणी नोकरीपूर्वी, अचानक, अपघातानंतर आणि सकारण संशय आल्यास केली जाते. 2020 पासून दरवर्षी निम्म्या चालकपदांइतक्या अचानक तपासण्या नशेच्या पदार्थांसाठी होतात. परंतु त्याच नियमांत परत कामावर येण्याचा मार्गही लिहिलेला आहे. दोषी आढळलेल्याला तज्ज्ञाकडे पाठवायचे, त्याने सुचवलेले उपचार पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासायचे, आणि कामावर घेतल्यानंतर पहिल्या बारा महिन्यांत किमान सहा वेळा न सांगता तपासायचे. आपल्याकडे ही पद्धत आणणारे तपासणी आणतात आणि परतीचा मार्ग विसरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्या दादांसाठी आजच उपचार उपलब्ध आहेत. अफूजन्य व्यसनासाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जातात आणि त्यांमुळे तोडण्याचा त्रास पुष्कळ कमी होतो. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेले परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र आहे, पुण्यात 1986 पासून मुक्तांगण आहे. कोठे जावे हे ठरत नसेल तर 14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक निःशुल्क आहे.

उत्तर: चालकाची पत्नी, तासगाव तालुका

मी येथे पहिल्यांदाच लिहीत आहे. माझ्या पतींच्या मालकांनी अशीच तपासणी केली होती. निकाल यार्डात, हमाल आणि इतर चालकांच्या देखत मोठ्याने वाचून दाखवला गेला आणि त्यांना तेथूनच घरी पाठवण्यात आले. मला कोणीही फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी ते दुसऱ्या मालकाची गाडी घेऊन गुजरातला गेले, कारण पहिल्या मालकाकडून घेतलेली साठ हजारांची उचल फेडायची होती. पुढचे पाच महिने त्यांनी सर्व काही लपवून केले, आणि लपवताना गांज्याबरोबर गोळ्याही वाढल्या.

आज ते बरे आहेत, आठ महिने झाले. त्यासाठी मला माझे दागिने गहाण ठेवावे लागले आणि माझ्या भावाला तीन आठवडे त्यांच्याबरोबर राहावे लागले. मालक, आपल्याला एवढीच विनंती आहे की जे सांगायचे ते आधी आपल्या चालकाच्या घरी जाऊन त्यांच्या पत्नीला, त्या वहिनींना, सांगा. त्यांना बहुधा सर्व माहीत असेल. मालकालाही माहीत आहे आणि तरीही काम जाणार नाही, एवढेच त्यांना माहीत नसेल. आणि उचल असेल तर उपचार चालू असेपर्यंत तिचा हप्ता कापू नका. कर्ज डोक्यावर असलेला माणूस डॉक्टरांसमोर बसलेला असतानाही मनाने पुढची खेप मोजत असतो.

उत्तर: वकील, कराड

आपल्या अधिकाराच्या प्रश्नाला थोडक्यात उत्तर देतो. चालकाची लेखी संमती, तपासणी कोणत्या प्रसंगी होईल आणि निकाल कोण पाहील हे नेमणुकीच्या वेळीच मराठीत लिहून घेतलेले कलम, आणि सर्व चालकांना एकच नियम, एवढे असेल तर आपली बाजू बळकट राहते. केवळ एका माणसावर राग आहे म्हणून त्याचाच नमुना घेतला, किंवा बळजबरीने घेतला, तर ती टिकणार नाही.

रस्त्यावरील कायदा वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये दारूसाठी 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम ही निश्चित मर्यादा आहे. नशेच्या इतर पदार्थांसाठी असा आकडाच नाही, तेथे गाडीवर योग्य ताबा ठेवण्यास चालक असमर्थ होता हे सिद्ध करावे लागते. नाक्यावर दारूसाठी फुंकर घ्यायला लावतात आणि डोडा घेतलेला चालक बिनदिक्कत पुढे जातो, त्यामागे हेही एक कारण आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम 188 अन्वये या गुन्ह्याला प्रोत्साहन देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. आपल्याला आता माहीत झाले आहे. यापुढे उपचाराविना त्यांना गाडीवर पाठवलेत, तर माहीत नव्हते असे न्यायालयात म्हणता येणार नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर चालक नशेत होता हा मुद्दा विमा कंपनीला कलम 150 खाली बचावासाठी मांडता येतो, हेही विसरू नका.

अमली पदार्थविरोधी कायदा म्हणजे 1985 चा एनडीपीएस कायदा. ट्रॅमाडॉल 2018 पासून त्याच्या कक्षेत आहे. त्यातील कलम 25 गाडीमालकाला लागू होते: आपल्या वाहनाचा अशा गुन्ह्यासाठी वापर होऊ देतो आहोत हे ठाऊक असून गप्प राहिलेला मालकही दोषी ठरतो. कलम 60 खाली गाडी जप्त होऊ शकते आणि योग्य ती खबरदारी घेतली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. चालकांना मी नेहमी सांगतो की डोडा स्वतःपुरता नेला तरी तो गुन्हाच आहे. एक किलोपर्यंतचे प्रमाण अल्प मानले जाते एवढाच फरक.

परंतु याच कायद्यात कलम 64अ आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत असते. अल्प प्रमाण बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी माणूस सरकारमान्य संस्थेत स्वतःहून उपचारासाठी दाखल झाला आणि त्याने ते उपचार घेतले, तर त्या आरोपासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. म्हणून संस्था सरकारमान्य आहे याची खात्री करा आणि प्रवेशाची व उपचार पूर्ण झाल्याची कागदपत्रे जपून ठेवा.

प्रश्नकर्त्याचे पुढचे लेखन: गाडीमालक, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. मिरजेच्या काकांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे मला भाग आहे. आम्हीही तिसऱ्या दिवशी सकाळचाच शब्द देत होतो आणि गाडीवर एकच चालक पाठवत होतो. काल रात्री मी गेल्या सहा महिन्यांच्या बिल्ट्या, म्हणजे माल पाठवल्याच्या पावत्या, आणि टोलच्या नोंदी समोर ठेवून बसलो. दादांनी त्या सहा महिन्यांत सलग दोन रात्री स्वतःच्या घरी फक्त अकरा वेळा काढल्या आहेत. हे आकडे माझ्याच कपाटात होते आणि मी त्यांच्याकडे केवळ डिझेलचा हिशेब म्हणून पाहत आलो, याची मला लाज वाटते.

आज दिल्लीच्या दोन व्यापाऱ्यांना पाचव्या दिवशी पोच मिळेल असे कळवले. एकाने मान्य केले, दुसऱ्याने दुसरी गाडी पाहतो असे सांगितले. बेदाण्याच्या हंगामात ज्या खेपा लवकर पोहोचवाव्याच लागतील, त्यांवर दोन चालक पाठवण्याचे ठरवले आहे. सात चालकांत ते बसत नाही, म्हणून एक गाडी काही महिने उभी ठेवावी लागेल. परतलेल्या चालकाने गाडी भरून घेण्यासाठी उभे राहायचे नाही, ते काम यापुढे माझा धाकटा भाऊ पाहील. तपासणीचा नियम वकील साहेबांकडून मराठीत लिहून घेतल्यानंतरच सुरू करणार आहे, आणि निकाल डॉक्टर व मी यांच्याखेरीज कोणालाही कळणार नाही.

ताई, आपण सांगितल्याप्रमाणे सायंकाळी मी आणि माझी आई दादांच्या घरी गेलो होतो. वहिनींना सर्व माहीत होते. येत्या सोमवारी ते दोघे माझ्याबरोबर साताऱ्याला येत आहेत.

डॉक्टर, एक शंका आहे. घरी नुसते बसलो तर वेड लागेल, निदान यार्ड ते मिरज एवढी जवळची फेरी तरी मला द्या, असे दादा म्हणतात. उपचार सुरू झाल्यावर ती द्यावी का?

उत्तर: मानसोपचारतज्ज्ञ, सातारा

सध्या देऊ नये. पहिल्या काही आठवड्यांत झोप बिघडलेली असते आणि औषधाची मात्रा बसवली जात असते. अशा काळात जवळच्या फेरीतही गुंगी येऊ शकते. सुकाणू केव्हा हातात द्यायचे हे उपचार करणारे डॉक्टर तपासून लेखी सांगतील. तोपर्यंत त्यांना यार्डात वजनकाट्यावर किंवा बिल्टीच्या टेबलावर बसवा आणि पगार चालू ठेवा. सोमवारी येताना ती गोळ्यांची पट्टी बरोबर आणू नका, तिच्यावरील नाव आणि मात्रा तेवढी लिहून आणा. दादा रोज किती डोडा घेत होते आणि शेवटचा केव्हा घेतला, हे वहिनींना विचारून ठेवा, कारण औषधाची सुरुवात त्यावरूनच ठरते.